कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचा संच: दोन वेतांच्या वापरानंतर

चार उथळ वाट्यांचे पांढरे पॅडल आणि जांभळ्या द्रावणाची बाटली, एवढाच काय तो कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचा संच. मस्टायटिस म्हणजे स्तनदाह, कासेचा दाह. गोठ्यात काम करणारे या चाचणीला नुसते सीएमटी म्हणतात. दुभत्या गाईंच्या दोन वेतांत आम्ही हा संच नियमाने वापरला. या काळात काही चुका आमच्या आम्ही केल्या आणि काही संचाबरोबर आलेल्या माहितीपत्रकाने करवल्या. त्या सगळ्या अनुभवावर हे परीक्षण लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. कासेतला कोणता सड बिघडला आहे, हे इतक्या कमी वेळात आणि इतक्या कमी सामानात सांगणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र तो सड कोणत्या जंतूने बिघडवला याबद्दल हा संच चकार शब्द काढत नाही, आणि विकणारे नेमके हेच सांगायचे विसरतात.

स्तनदाह, ज्याला बरेच जण दगडी म्हणतात, तो उघड झालेला असेल तर कोणताही संच विकत घ्यायची गरज नसते. सड सुजलेला असतो, कास हाताला गरम आणि टणक लागते, दुधात गाठी येतात किंवा ते पाण्यासारखे पातळ उतरते आणि एरवी शांत असणारी गाय कासेला हात लावू देत नाही. काळ्या तळाच्या कपात पहिल्या दोन-चार धारा काढून पाहिल्या की त्याची खात्री पटते. संचाची खरी जागा सुप्त स्तनदाहात आहे. तिथे दूध पांढरेशुभ्र असते, कास मऊ असते, गाय रवंथ करीत उभी असते आणि जंतूंनी मात्र आत ठाण मांडलेले असते. त्यांना तोंड देण्यासाठी शरीर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत उतरवते. निरोगी सडाच्या एक मिलिलिटर दुधात साधारणपणे १ लाखाहून कमी पेशी असतात. हा आकडा २ लाखांच्या वर गेला की संसर्गाचा संशय घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे, आणि जोरदार संसर्गात तो ५० लाखांच्याही पुढे जातो. एवढी उलथापालथ होऊनही डोळ्यांना पुष्कळदा काहीच दिसत नाही.

ही न दिसणारी गोष्ट दाखवण्याची युक्ती मोठी साधी आहे. १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाल्म यांनी नूरलँडर यांच्यासह ही चाचणी मांडली. त्याआधी १९३९ पासून व्हाइटसाइड यांची चाचणी माहीत होती. तिच्यात दुधात सोडियम हायड्रॉक्साइड मिसळत. शाल्म आणि नूरलँडर यांनी त्याऐवजी साबणाच्या जातीचे, म्हणजे डिटर्जंटचे द्रावण घेतले. डिटर्जंट पेशींचे आवरण विरघळवते, आतला डीएनए मोकळा होतो, त्याचे लांबच लांब धागे एकमेकांत गुंततात आणि दूध घट्ट होऊ लागते. जितक्या पेशी जास्त, तितका चिकटा जास्त. जांभळा रंग येतो तो ब्रोमोक्रेसॉल पर्पल या रंगद्रव्यामुळे. बिघडलेल्या सडाचे दूध अल्कधर्मी होत जाते आणि तिथे हा रंग गडद दिसतो. दूध आम्लधर्मी असेल तर तो पिवळ्याकडे झुकतो. रंगाला मात्र दुय्यम साक्षीदार समजावे. आमच्याकडे सुरुवातीला सगळे जण रंगच बघत बसले होते, आणि पाहायचे असते ते दूध पातळ राहिले की दाटले.

वापरण्याची पद्धत वाचायला सोपी वाटते, पण ती हातात बसायला आठवडा जातो. सड पुसून, पान्हा उतरल्यावर, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या काढून टाकायच्या आणि मग प्रत्येक सडाची एकेक धार त्याच्या त्याच्या वाटीत घ्यायची. पॅडल दर वेळी एकाच दिशेने धरायचे, म्हणजे कोणती वाटी कोणत्या सडाची हा घोळ होत नाही. दूध हमखास जास्त पडते, म्हणून पॅडल जवळजवळ उभे करून जादा दूध ओघळू द्यायचे; वाटीत सुमारे २ मिलिलिटर उरते आणि तेवढ्यासाठी तळाशी खूण असते. तितकेच द्रावण वर घालायचे आणि पॅडल आडवे धरून गोल गोल फिरवायचे. सुमारे १० सेकंदांत जे दिसायचे ते दिसते.

आता ते दिसते कसे, हे जरा जवळून सांगतो, कारण माहितीपत्रकातल्या चार रंगीत चित्रांवरून ते कोणालाच कळलेले नाही. निरोगी सडाच्या वाटीत जांभळट दूध पाण्यासारखे सरसर फिरते आणि पॅडल कलते केले की एकसंध वाहते. संशयास्पद सडाच्या वाटीत, पॅडल कलते केल्यावर तळाशी बारीकसा चिकटा ओघळताना दिसतो आणि फिरवत राहिले की तो नाहीसा होतो. ज्याची नजर त्या क्षणी इकडेतिकडे गेली त्याला तो दिसतच नाही. १ ही श्रेणी म्हणजे दूध स्पष्ट दाटलेले, पण त्याचा गोळा न झालेला. २ म्हणजे द्रावण पडताच दूध दाटते आणि फिरवताना मधोमध गोळा होऊ लागते, त्यामुळे वाटीच्या कडेचा तळ उघडा पडतो. ३ मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा लिबलिबीत गोळा तयार होतो, तळाला चिकटून बसतो, त्याच्या मध्यावर उंचवटा येतो आणि पॅडल उलटे केले तर सगळे एकदम निसटून पडते. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस दचकतो. शेजारच्या वाटीत त्याच गाईचे, त्याच धारेचे दूध पाण्यासारखे वाहत असते आणि याच वाटीत शेंबडासारखा लगदा, आणि दोन मिनिटांपूर्वी दोन्ही दुधे बादलीत एकत्रच जाणार होती.

या श्रेण्यांमागचे आकडे ढोबळ आहेत. नकारात्मक म्हणजे सुमारे २ लाखांपर्यंत पेशी, संशयास्पद म्हणजे साधारण ४ लाखांच्या आसपासपर्यंत, १ म्हणजे सुमारे १२ लाखांपर्यंत, २ म्हणजे ५० लाखांपर्यंत आणि ३ म्हणजे त्याच्याही वर. सीमारेषेवरच्या वाटीला दोन माणसे दोन श्रेण्या देतात, हे आम्ही एकमेकांपासून वह्या लपवून करून पाहिले आहे. म्हणून गोठ्यात शक्यतो एकाच माणसाने वाचन करावे. युरोपीय संघात संकलनाच्या दुधाला मिलिलिटरला ४ लाख पेशींची आणि अमेरिकेत ७.५ लाखांची मर्यादा आहे. ज्याला अशा मर्यादेत दूध बसवायचे आहे, त्याने सीएमटीच्या श्रेणीवरून नेमका आकडा काढण्याच्या भानगडीत पडू नये. टाकीचा आकडा चढला तर तो कोणत्या गाईच्या कोणत्या सडामुळे चढला, हे शोधायला मात्र यापेक्षा स्वस्त आणि सरळ मार्ग नाही.

फसगतीच्या जागाही आहेत. नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकात पेशी मुळातच जास्त असतात, त्यामुळे पहिले काही दिवस चारही वाट्या दाटल्या तरी घाबरण्याचे कारण नसते. आमच्या एका पहिलारू गाईचे चारही सड तिसऱ्या दिवशी २ दाखवत होते आणि आठवड्याने तिचे दूध स्वच्छ निघाले. मधल्या दिवसांत औषध द्यायची घाई झाली नाही, हे नशीबच. वेताच्या शेवटी, दूध आटत आले की पेशी पुन्हा वाढतात. चारही सड सारखेच दाटत असतील तर आधी वेताचा दिवस पाहावा, आणि एकच सड इतर तिघांपेक्षा वेगळा वागत असेल तर तो खरा संशयित समजावा. शेळ्यांच्या दुधात पेशी निसर्गतःच गाईंपेक्षा जास्त असतात, त्यामुळे गाईचे तक्ते त्यांना जसेच्या तसे लावू नयेत. माहितीपत्रकात यातले एक अक्षरही नाही.

माहितीपत्रकाबद्दल तक्रार आणखी मोठी आहे. त्यात १ किंवा त्याहून वरची श्रेणी दिसताच सडात प्रतिजैविकाची नळी सोडावी, असे सरळ सुचवले आहे. हा सल्ला चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे. पेशी वाढल्या याचा अर्थ शरीराने लढाई सुरू केली, एवढाच होतो. ई. कोलायसारख्या जंतूंचा संसर्ग पुष्कळदा गाय स्वतःच निपटून काढते आणि जंतू गेल्यावरही पेशी बरेच दिवस चढलेल्या राहतात. अशा सडात नळी सोडली तर औषध फुकट जाते आणि ठरलेले दिवस दूध फेकावे लागते ते वेगळेच. स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए हा जंतू प्रामुख्याने कासेतच राहतो, एका गाईकडून दुसरीकडे धार काढताना पसरतो, पण पेनिसिलिनला सहसा चांगली दाद देतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे वागणे अगदी उलट असते. तो कासेच्या आत गाठी करून राहतो, काही दिवस दुधात उतरतो आणि काही दिवस उतरतच नाही, आणि जुन्या संसर्गात बहुतेक औषधांना पुरून उरतो. मायकोप्लाझ्माला तर पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिनच्या जातीची औषधे त्याच्यावर चालतच नाहीत, आणि प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमावर तो वाढतही नाही. या चौघांच्याही संसर्गात सीएमटीच्या वाटीत दिसतो तो तोच जांभळा लगदा.

आमच्या तिसऱ्या वेतातल्या काळ्या गाईचा मागचा डावा सड लागोपाठ दोन पंधरवडे ३ दाखवत होता. दूध दिसायला उत्तम, गाय खाऊनपिऊन ठणठणीत. नळी सोडायची की नाही यावर घरात वाद झाला आणि अखेर पशुवैद्यांच्या सांगण्यावरून नमुना तपासणीला पाठवला. तो घेण्याची पद्धतही इथे सांगण्यासारखी आहे, कारण नमुना घेताना बिघडला तर सगळेच मुसळ केरात. सडाचे टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचे, बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहायचे. पुसताना आपल्यापासून लांबचे सड आधी आणि जवळचे नंतर, दूध घेताना मात्र जवळचे आधी आणि लांबचे नंतर, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. निर्जंतुक कुपी आडवी धरायची, झाकणाची आतली बाजू कशाला टेकवायची नाही आणि कुपी लगेच बर्फात ठेवायची. अहवालात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला, तोही पेनिसिलिनला न जुमानणारा. त्या दिवसापासून तिची धार सगळ्यांत शेवटी काढू लागलो, प्रत्येक धारेनंतर सगळ्याच गाईंचे सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणे नियमाने पाळू लागलो आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने तो सड कायमचा आटवला. संच नसता तर ती गाय बादलीतून आणि हातांतून बाकीच्यांना हा रोग वाटत राहिली असती, आणि नुसत्या संचावर विसंबलो असतो तर नळ्यांमागून नळ्या गेल्या असत्या.

एक गोष्ट मात्र या अवयवाच्या बाजूने आहे. कास रोज दोनदा आपणहून नमुना देते. कोंबडीच्या वायुकोशात ई. कोलायचा संसर्ग झाला, यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर पांढरट पापुद्रा चढला, तर ते कळायला कोंबडी मरावी लागते किंवा मारावी लागते. माशांत एरोमोनासचा संसर्ग झाला की अंगावर लाल व्रण दिसतात, पोट फुगते, पण खात्रीसाठी मरणपंथाला लागलेला मासा उघडून त्याच्या मूत्रपिंडातून नमुना घ्यावा लागतो. जिवंत जनावराला बोचकाराही न काढता शरीराच्या आतला जंतुसंसर्ग दहा सेकंदांत दाखवणारी अशी सोय पशुपालनात फार कमी ठिकाणी आहे.

द्रावण अर्काच्या रूपात येते आणि त्यात पाणी मिसळावे लागते. पहिल्या वेतात आमच्याकडच्या एका मुलाने बाटली पुरवून वापरायच्या हेतूने दुप्पट पाणी घातले, आणि नंतरचे आठ दिवस गोठ्यातल्या झाडून सगळ्या गाई निरोगी ठरल्या. काळ्या गाईचाही सड साफ निघाला तेव्हा शंका आली. तेव्हापासून नवे द्रावण केले की आधी माहितीतल्या बिघडलेल्या सडावर ते करून पाहतो. दुसरी चूक वेळेची. चार वाट्यांकडे बघत गप्पा मारल्या की हलका चिकटा विरून जातो आणि १ श्रेणीचा सड नकारात्मक म्हणून वहीत जातो. प्रत्येक गाईनंतर पॅडल पाण्याने खळखळून धुवायचे असते, सुकवण्याची गरज नसते. द्रावण मिसळलेले दूध बादलीत तर नाहीच, पण वासरालाही द्यायचे नाही आणि गाईच्या बसायच्या जागेवरही ओतायचे नाही, कारण त्यात जंतूही असतात.

पर्याय म्हणून दुधाची विद्युतवाहकता मोजणारे पेनासारखे यंत्रही आम्ही काही दिवस वापरले. स्तनदाहात दुधातले सोडियम आणि क्लोराइड वाढते, त्यामुळे वाहकता वाढते, हे तत्त्व बरोबर आहे. पण गाईगाईनुसार आकडे इतके बदलतात की एकाच गाईचे चार सड एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही, आणि वाहकतेतले बारीक फरक आम्हाला तरी पकडता आले नाहीत. पेशी थेट मोजणारी छोटी यंत्रे चांगली आहेत, परंतु त्यांना दर नमुन्यामागे वेगळी पट्टी लागते. कपडे धुण्याच्या पावडरचे ३ टक्के द्रावणही याच तत्त्वावर काम करते आणि अडीनडीला ते वापरायला हरकत नाही. वाचन मात्र तितके स्पष्ट येत नाही, रंगाची साक्ष मिळत नाही आणि पावडर बदलली की नजर पुन्हा बसवावी लागते.

संचाचा सर्वांत चांगला उपयोग आम्हाला गाय आटवताना झाला. पूर्वी दूध बंद करताना चारही सडांत सरसकट दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक सोडायचे, हीच रीत होती. ती १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधनातून आलेल्या, स्तनदाह रोखण्याच्या पाच कलमी कार्यक्रमाचा भाग होती आणि तिने फायदाही पुष्कळ झाला. आता औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या भीतीने सरसकट वापर मागे पडत आहे. युरोपीय संघाने तर २८ जानेवारी २०२२ पासून प्रतिजैविकांचा असा नेहमीचा प्रतिबंधक वापर कायद्यानेच थांबवला. मग कोणत्या गाईला औषध द्यायचे आणि कोणत्या गाईच्या सडाला नुसते आतून बंद करणारे सील पुरे, हे ठरवायला काहीतरी आधार हवा. आटवण्याआधीच्या महिन्यातली सीएमटीची नोंद, वेतभरात उघड स्तनदाह झाला होता की नाही याची आठवण आणि शंकास्पद सडाचे कल्चर, म्हणजे दुधातले जंतू वाढवून केलेली तपासणी, या तिन्हींवर पशुवैद्य निर्णय घेतात. दुसऱ्या वेताच्या अखेरीस आमच्या निम्म्याहून जास्त गाई औषधाशिवाय आटल्या आणि व्यायल्यावर त्यांची दुधे साफ निघाली. ही आमच्या छोट्या गोठ्याची गोष्ट आहे. दुसऱ्याने ती आपल्या पशुवैद्यांना विचारल्याशिवाय उचलू नये.

राहता राहिले पॅडल. द्रावणाला मी पैकीच्या पैकी गुण देईन, पॅडलला काठावर पास करीन. वाट्यांच्या तळाशी पातळी दाखवणाऱ्या रेषा प्लॅस्टिकमध्ये कोरलेल्या हव्यात. आमच्या पॅडलवर त्या छापलेल्या होत्या आणि पहिल्या वेतातच पुसट झाल्या. मूठ आखूड आहे आणि ओल्या हातातून निसटते. बाटलीचे टोपण गळते. विकणाऱ्याकडे नुसते पॅडल मागितले तर तो पूर्ण संच घ्यायला लावतो, म्हणून मागच्या डाव्या सडाच्या वाटीला तडा गेला तेव्हा नवा संच आणावाच लागला. जुने पॅडल मात्र फेकले नाही. ते काळ्या गाईच्या खुंटीला टांगून ठेवले आहे. तिला तीनच वाट्या लागतात.